वाचक विचारतात : सुनेचे खापरपणजोबा आणि जॉन्सटाऊनची गिरणी

प्रश्न : मुलगा अमेरिकेत पिट्सबर्गजवळ असतो, सून तिथलीच, मूळ जर्मन घराण्यातली. तिचे खापरपणजोबा 1883 साली व्युर्टेम्बर्गहून आले आणि जॉन्सटाऊनला तारेच्या कारखान्यात लागले एवढं घरात माहीत आहे. बाकी म्हणे एलिस आयलंडवर साहेबाने श्मिटचं स्मिथ करून टाकलं आणि 1889 च्या पुरात कागदपत्रं सगळी वाहून गेली. नातीला शाळेत फॅमिली हिस्टरीचा प्रोजेक्ट आहे, ती मलाच विचारते आजी तुला काही माहितीये का, आता मला कुठून असणार! त्यांचं आयुष्य कसं असेल? अजून काही सापडेल का? – एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, सापडेल की, आणि बरंच सापडेल. पण आधी त्या एलिस आयलंडचं बघू, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं बाहेरून आलेल्यांची नोंद करणारं ठाणं. ते सुरूच झालं 1892 मध्ये, मग 1883 ला आलेला माणूस तिथे उतरेल कसा? न्यूयॉर्कला उतरले असतील तर कॅसल गार्डनला, तेव्हाचं नोंदणीचं ठाणं ते. आणि तिथले कारकून काही नावं बदलत बसायचे नाहीत, बोटीवरून आलेली यादी समोर धरून नाव तपासायचे आणि पुढचा! ही गोष्ट अमेरिकेत घरोघरी सांगतात, पण नाव बहुतेक वेळा माणसाने स्वतःच बदललेलं असतं नाहीतर पुढे मुलांनी. माझा संशय पहिल्या महायुद्धावर आहे. 1917 ला अमेरिका युद्धात उतरली आणि जर्मन आडनाव म्हणजे नसती आफत झाली, ज्यांनी नागरिकत्व घेतलं नव्हतं त्यांना फोटो आणि बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी लागली, एप्रिल 1918 मध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल या कोळशाच्या गावात तर रॉबर्ट प्रेगर नावाच्या जर्मन माणसाला जमावाने चक्क फाशी दिलं. त्यामुळे नातीला सांगा, 1910 आणि 1920 च्या जनगणनेतलं आडनाव शेजारी शेजारी ठेवून बघ.

आता आयुष्य. जॉन्सटाऊन 1800 साली वसवलं तेच मुळी जर्मन बोलणाऱ्या स्विस माणसाने, जोसेफ शान्त्झ त्याचं नाव. पण गाव वाढलं ते कँब्रिया आयर्न कंपनीमुळे, 1852 ला निघालेली, रेल्वेचे रूळ बनवायची. तारेचा कारखाना म्हणजे बहुतेक तिचाच गॉतिए विभाग, काटेरी तार बनवणारा. त्या काळी पोलादाच्या गिरण्यांत बारा तासांची पाळी असायची आणि दिवसपाळीची रात्रपाळी व्हायची तेव्हा सलग चोवीस तास उभं राहायचं. युनियनचं तर नाव काढायचं नाही, कंपनीला ते खपायचं नाही. किराणा कंपनीच्याच स्टोअरमध्ये उधारीवर, पगारातून परस्पर कापून. घरात भाडेकरू पोरं ठेवायची, त्यांचं जेवण नि कपडे बाईने बघायचे, हा सगळ्याच गिरणी गावांतला हिशोब (आणि बाईचे तास कोण मोजतंय). जर्मनपणा उरायचा तो रविवारी, चर्च, गाणं, बिअर. त्यावरही कटकट, कारण जॉन्सटाऊन ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियात रविवारबंदीचा, म्हणजे रविवारी कामधंदा नि खेळ-करमणूक नको असं सांगणारा कायदा 1794 पासूनचा.

पुराचं मात्र खरं आहे आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. 31 मे 1889 ला वरच्या बाजूला, साधारण 22 किलोमीटरवर असलेलं साऊथ फोर्कचं धरण फुटलं. ते होतं श्रीमंतांच्या मासेमारी क्लबचं, कार्नेगी आणि फ्रिक हे पोलाद-कोळशातले बडे उद्योगपती दोघंही मेंबर. चारच्या सुमाराला पाणी गावात शिरलं, वाटेत गॉतिएचा कारखाना उखडला आणि तिथली मैलोन्मैल तार त्या लोंढ्यात आली. घरं, झाडं, रेल्वेचे डबे, माणसं, सगळं रेल्वेच्या दगडी पुलाशी जाऊन अडकलं, तारेत गुरफटलेल्यांना हलता येईना, आणि मग त्या ढिगाऱ्याला आग लागली. 2,209 माणसं गेली, त्यातल्या सातशेहून जास्त जणांची ओळखच पटली नाही. क्लबकडून कोर्टात एकालाही नुकसानभरपाई मिळाली नाही!

पण म्हणून कागद सगळे गेले असं नाही. जिल्ह्याचं कोर्ट एबन्सबर्गला, वर डोंगरावर, तिथे पुराचं पाणी पोचायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे नागरिकत्वाचा अर्ज आधी तिथे शोधायचा. 1890 ची जनगणना मिळणार नाही, ती वॉशिंग्टनमध्ये 1921 च्या आगीत गेली. पण 1900 ची आहे आणि ती म्हणजे खजिना, देशात कधी आला, नागरिक आहे का, वर्षात किती महिने काम नव्हतं, घर भाड्याचं की स्वतःचं, इंग्रजी येतं का, आणि घरात राहणारे भाडेकरूसुद्धा, सगळं एका ओळीत.

जर्मनीत शोधायचं तर मूळ गावाचं नाव पाहिजेच, नुसतं व्युर्टेम्बर्ग चालत नाही. ते चर्चच्या लग्नाच्या नोंदीत, थडग्यावरच्या दगडावर नाहीतर मृत्यूच्या बातमीत मिळू शकतं. एकदा मिळालं की काम सोपं, कारण तिथल्या चर्चमध्ये 1808 पासून कुटुंबवार रजिस्टर ठेवायचे, अमेरिकेला गेला असा शेराही त्यात बऱ्याचदा असतो. फक्त अक्षर जुन्या वळणाचं, आपल्या मोडीसारखं, आजच्या जर्मन माणसालाही पटकन लागत नाही. तेव्हा वाचून देणारा जाणकार आधी गाठा, प्रोजेक्टची तारीख जवळ आली असेल तर 1900 च्या जनगणनेपासूनच सुरुवात करायला सांगा.