दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे थोडं वाढवून सांगितल्याशिवाय 40 टक्के दिव्यांगत्व मिळत नाही, हे खरं आहे का? आणि तयारी काय करावी?

खोटं आहे. वाढवून सांगू नका. पण कमी करूनही सांगू नका, आणि घरोघरी जास्त तेच होतं.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. पहिल्या वेळी त्याच्याबरोबर आई आत गेली. डॉक्टरांनी विचारलं, अंघोळ, कपडे, जेवण स्वतःचं स्वतः करतो का? आई म्हणाली, "करतो की सगळं. फार गुणी आहे हो." परक्यांपुढे पोराचं उणं काढायचं नाही, ही तिची आयुष्यभराची सवय. टक्के 40च्या खाली आले. म्हणजे कागद हातात, पण ज्या सवलतींसाठी काढला त्यातलं जवळपास काहीच नाही.

त्यावर आमच्या काकांचा सल्ला: पुढच्या वेळी त्याची दाढी वाढू दे, दोन दिवस गोळ्या बंद कर, बोर्डापुढे काहीतरी बडबडला की टक्के आपोआप वाढतील. मला अजून संताप येतो. गोळ्या सुटल्या की त्याचं काय होतं हे आम्ही रात्ररात्र जागून पाहिलंय, काकांनी नाही. शिवाय 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 91 वाचा. फसवून लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

फेरतपासणीला मी आत गेले. मानसिक आजारासाठी 'आयडियाज' ही मोजपट्टी लावतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या प्रत्येकाला 0 ते 4 गुण, वर आजार किती काळाचा त्याचे वेगळे. दिवस कसा जातो ते मोजतात. म्हणून मी आधीच वहीत लिहायला बसले, भावाला शेजारी घेऊन. अंघोळ करतो, पण कुणी मागे लागलं तरच. नोकरी धरली, महिन्याभरात सुटली. तो ऐकत होता. मग स्वतःच म्हणाला, "ताई, पाहुणे आले की मी संडासात जाऊन बसतो, तेही लिही." मी लिहिलं. गोळ्या न चुकता घेतो, भाचीला चित्रं काढून देतो, हेही लिहिलं. डॉक्टरांनी वही मागून घेतली, शांतपणे वाचली, मग त्यालाच प्रश्न विचारले. या वेळी टक्के 40च्या वर आले.

काका अजून म्हणतात, नशीब चांगलं. नशीब कसलं? आईने सांगितलेला मुलगा खरा नव्हता आणि काकांना दाखवायचा होता तोही नाही. डॉक्टरांपुढे पहिल्यांदाच माझा भाऊ आला होता.

तयारीचं म्हणाल तर जुने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावा, आणि जो माणूस पेशंटबरोबर चोवीस तास राहतो त्यालाच आत न्या. "करतो" आणि "सांगितलं तर करतो" यातला फरक तोच सांगू शकतो. निर्णय पटला नाही तर त्याच कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं, बोर्डाशी भांडत बसू नका.

एक मात्र आहे, हे सगळं मानसिक आजाराचं झालं. अस्थिव्यंगात सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद प्रत्यक्ष तपासतात, तिथे वहीचा एवढा उपयोग नाही. तुमचं दुखणं कोणतं ते प्रश्नात लिहिलेलं नाही.