नफ्याच्या कॉलेजातली नोकरी

प्रश्न : नाशिकच्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सात वर्षे शिकवले. पतीच्या नोकरीमुळे आम्ही ॲरिझोनात आलो आणि एच-४ व्हिसावर काम करण्याची परवानगी मला नुकतीच मिळाली. इथल्या एका फॉर-प्रॉफिट कॉलेजने मला दोन जागांबद्दल विचारले आहे. एक प्रवेश सल्लागाराची, पूर्ण वेळ आणि बऱ्या पगाराची. दुसरी संगणक विषय शिकवण्याची, पण अर्धवेळ, विषयागणिक मानधनाची. ओळखीचे लोक ‘जपून’ एवढेच म्हणतात. विनाअनुदानितमध्ये उन्हाळे-पावसाळे काढलेल्या मला यात नवीन काय असणार, असे वाटते. आपण अशा कॉलेजात शिकवले असल्याचे याच सदरात वाचले होते, म्हणून विचारते.
— एक वाचक, फिनिक्स

उत्तर : नवीन आहे, आणि ते आधी समजून घ्यावे. आपल्याकडे महाविद्यालय चालवायचे तर न्यास, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात संस्थेच्या वाढीपुरते वाजवी आधिक्य मान्य केले, नफेखोरी नाही, आणि महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा तर १९८७ पासून आहे. म्हणजे जे काही होते ते टेबलाखालून व्हावे लागते. अमेरिकेतील फॉर-प्रॉफिट कॉलेज ही उघडउघड कंपनी असते, तिला मालक किंवा भागधारक असतात आणि दर तिमाहीला किती विद्यार्थी वाढले याचा हिशेब त्यांना द्यावा लागतो. आपल्याच शहरात १९७६ साली जॉन स्पर्लिंग यांनी सुरू केलेले फिनिक्स विद्यापीठ २०१० च्या सुमारास साडेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले होते, ते याच व्यवस्थेच्या बळावर.

पैसा मात्र बहुतांशी सरकारचा असतो. विद्यार्थी संघराज्य सरकारचे कर्ज आणि अनुदान घेतो आणि ते फीच्या रूपाने कॉलेजकडे जाते. कॉलेजच्या उत्पन्नात अशा पैशाचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक नसावा, असा नियम आहे. माजी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणारी रक्कम २०२३ पर्यंत या ९० टक्क्यांत धरली जात नसे, म्हणून सैनिकांच्या मागे या कॉलेजांचे प्रतिनिधी हात धुऊन लागत. एकदा हा पैशाचा मार्ग लक्षात आला की प्रवेश विभाग हाच कॉलेजचा कणा का असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने २०१२ साली अशा ३० कंपन्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात प्रवेश मिळवण्याच्या कामावरील माणसे ३५ हजारांहून अधिक आढळली, तर विद्यार्थ्यांना नोकरी शोधून देणारी जेमतेम साडेतीन हजार. आणि शिकवण्यापेक्षा जाहिरात व विद्यार्थी-भरतीवर जास्त खर्च होत होता.

आता आपल्याला देऊ केलेल्या पहिल्या जागेविषयी. तिचे नाव सल्लागार असले तरी काम टेलिफोनवरच्या विक्रीचे आहे. इंटरनेटवर चौकशीचा फॉर्म भरणाऱ्या माणसाला तिथे ‘लीड’ म्हणतात, आणि तो फॉर्म आल्यावर काही मिनिटांत त्याला फोन गेला पाहिजे, अशी अपेक्षा असते. आयटीटी या आता बंद पडलेल्या फॉर-प्रॉफिट कॉलेजांच्या साखळीची प्रशिक्षणाची कागदपत्रे त्या समितीसमोर आली, त्यांत समोरच्या माणसाच्या आयुष्यातली दुखरी नस पायरीपायरीने कशी शोधावी आणि ती दुखत असतानाच प्रवेशाचा विषय कसा काढावा, हे शिकवलेले होते. भरती केलेल्या विद्यार्थ्यांच्या डोईमागे सल्लागाराला कमिशन देण्यास १९९२ पासून कायद्याने बंदी आहे. २००२ मध्ये तिला पळवाटा ठेवल्या गेल्या आणि २०११ मध्ये त्या बुजवण्यात आल्या. तेव्हा आपल्याला कमिशन मिळणार नाही, पण आकडा कमी पडला तर खुर्चीही राहणार नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो. मी शिकवत होते त्या कॉलेजात प्रवेश विभागातली माणसे वाईट नव्हती, बहुतेक जण पंचविशी-तिशीतले आणि स्वतःच शैक्षणिक कर्ज फेडणारे होते. परंतु वर्षभरात त्या खोलीतले जवळजवळ सगळे चेहरे बदललेले मी पाहिले आहेत.

दुसऱ्या जागेबद्दल लिहायला माझ्याकडे अधिक आहे. अभ्यासक्रम, स्लाइड, गृहपाठ, परीक्षा सगळे वरून तयार येते आणि त्यात फारसा फेरफार करता येत नाही. नाशिकला विद्यापीठाचा अभ्यासक्रम असला तरी फळ्यासमोर आपण आपल्या मुखत्यार होतात. इथे आठवड्यागणिक काय शिकवायचे हेही ठरलेले असते. संशोधन, कायमपद, अभ्यास मंडळ यांचा संबंध नसतो. उत्तरे तपासण्याचा वेळ मानधनात धरलेला नसतो, त्यामुळे तासाचा हिशेब मांडला तर मन खट्टू होते. उलट बाजूने सांगायचे तर पगार ठरल्या दिवशी होतो, आणि विनाअनुदानितमधून आलेल्या मला पहिले काही महिने त्याचेच नवल वाटत असे.

वर्ग संध्याकाळी सहाला भरे. समोर रुग्णालयात मदतनीस म्हणून दिवसपाळी करून आलेल्या बायका, लष्करातून परतलेले जवान, दोन मुलांना शेजारणीकडे ठेवून आलेली आई. शिकण्याची इतकी निकड मी पुण्यातल्या माझ्या वर्गांतही पाहिली नव्हती. त्यांच्यासाठी मी साडेतीन वर्षे तिथे राहिले. कॉलेजलाही ते ठाऊक असते, आणि मानधन वाढवण्याचा विषय काढला की विद्यार्थ्यांची आठवण आपल्याला तेच करून देतात.

खरा पेच हजेरीपटावर येतो. विद्यार्थ्याने सत्राचा ६० टक्के काळ पूर्ण होण्याआधी शिक्षण सोडले, तर सरकारी मदतीचा न वापरलेला हिस्सा परत करावा लागतो. तो टप्पा ओलांडला की सगळी रक्कम पदरात पडली असे धरले जाते. त्यामुळे तो दिवस जवळ आला की कार्यालयातून विचारणा सुरू होई. अमुक विद्यार्थी दोन आठवडे दिसला नाही, पण त्याने ऑनलाइन काही लिहिले आहे का, एखादा गृहपाठ पाठवला आहे का, तुम्ही त्याला फोन कराल का. फोन मी करत असे, कारण काही वेळा त्याने माणूस खरेच परत येई. पण न आलेल्याची हजेरी लावा असे एकदा आडून सुचवले गेले, तेव्हा मी लेखी विचारणा मागितली. ती आली नाही आणि पुढच्या सत्रात मला तीनऐवजी एकच विषय मिळाला. त्या दोन गोष्टींचा संबंध होता हे मी सिद्ध करू शकत नाही.

नोकरीच्या स्थैर्याचे म्हणाल तर कोरिंथियन या साखळीने एप्रिल २०१५ मध्ये उरलेली २८ केंद्रे एकदम बंद केली आणि सुमारे १६ हजार विद्यार्थी रस्त्यावर आले. आयटीटीने सप्टेंबर २०१६ मध्ये टाळे ठोकले तेव्हा आठ हजारांवर कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. सगळीच कॉलेजे अशी नसतात. तरी मान्यता कोणत्या संस्थेची आहे आणि शिक्षण खात्याशी काही वाद चालू आहे का, हे रुजू होण्याआधी पाहावे.

मी आपल्या जागी असते तर सल्लागाराची नोकरी नाकारली असती आणि वर्ग घेतला असता, पण एकट्या त्या वर्गावर विसंबून राहिले नसते. आपल्या गावात मॅरिकोपा जिल्ह्याची दहा सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे आहेत, त्यांनाही अर्धवेळ शिक्षक लागतात आणि तिथला अनुभव पुढे अर्जात अधिक वजनदार ठरतो. आपल्या पदव्यांचे मूल्यांकन करून घेतले असेल तर तिथे आजच अर्ज करता येईल.

प्रश्न : माझा भाचा टेक्सासमध्ये शिकतो आहे. कॉलेजात नोकरी धरली की एच-१बी व्हिसाच्या लॉटरीत उतरावे लागत नाही, असे त्याला कोणी सांगितले आहे आणि एका फॉर-प्रॉफिट कॉलेजात तो अर्ज करतो आहे. हे खरे आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि आपल्या भाच्याला नडणार आहे तो उरलेला अर्धा भाग. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मर्यादा, जिच्यामुळे लॉटरी काढावी लागते, उच्च शिक्षणसंस्थांना लागू होत नाही. परंतु कायद्यातील त्या संस्थेच्या व्याख्येत सरकारी किंवा ना-नफा कॉलेजच बसते. फॉर-प्रॉफिट कॉलेजाला इतर कुठल्याही कंपनीप्रमाणे लॉटरीतूनच जावे लागते. नावात ‘युनिव्हर्सिटी’ असल्याने काही ठरत नाही, म्हणून अर्ज करण्यापूर्वी संस्था ना-नफा आहे का, हे त्यांच्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारून घ्यावे. आणखी एक गोष्ट त्याला सांगावी. एखादा माणूस ना-नफा विद्यापीठात लॉटरीविना एच-१बीवर लागला आणि नंतर ती नोकरी सोडून फॉर-प्रॉफिट कॉलेजात गेला, तर पूर्वी कधी मर्यादेत मोजला गेलेला नसल्यास त्याला त्या वेळी लॉटरीत उतरावेच लागते.