स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या शिरच्छेदाचे वर्णन प्रत्यक्ष पाहणाऱ्या कोणी लिहून ठेवले आहे का?

हो, आणि तेही बारकाईने. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी इंग्लंडमधल्या फॉदरिंगे किल्ल्याच्या दिवाणखान्यात हा शिरच्छेद झाला. तिथे हजर असलेल्या रॉबर्ट विंकफिल्डने सगळा वृत्तांत इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा मंत्री लॉर्ड बर्ली याला लिहून पाठवला. म्हणजे लिहिणारा मेरीच्या विरोधी गोटातला, हे ध्यानात ठेवून वाचायचे. तरी तिची हिंमत त्याला लपवता आलेली नाही.

मारेकरी तिची वरची वस्त्रे उतरवू लागले तेव्हा ती हसून म्हणाली, असे सेवक मला कधी मिळाले नव्हते आणि एवढ्या लोकांसमोर मी कधी कपडे उतरवले नव्हते! डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत तिने मान ठोकळ्यावर ठेवली. एका घावात काम झाले नाही. दुसऱ्या घावानंतरही थोडा तंतू उरला, तो कापावा लागला. मारेकऱ्याने डोके उचलून दाखवले तर शिरोवस्त्र सुटले, आणि दिसले ते सत्तरीच्या म्हातारीसारखे पांढरे, बारीक कापलेले केस. वय होते फक्त ४४. ओठ पाव तास हलत होते असेही तो लिहितो. हे मला जरा जास्तच वाटते.

मला मात्र सगळ्यात चटका लावतो तो तिचा छोटा कुत्रा. तो तिच्या घागऱ्यात लपून आला होता. बाहेर काढल्यावरही तो धडाजवळून हलेना, डोके आणि खांदे यांच्या मधल्या रक्तात जाऊन बसला. शेवटी त्याला उचलून धुवावे लागले.