किलोमीटर वाढवण्याआधी

प्रिय ताई,
मी मूळची माणदेशातली. पुण्यात वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि कॉलेजच्या संघातून 5,000 मीटर व क्रॉस-कंट्री पळते. माझी सर्वोत्तम वेळ 19 मिनिटे 40 सेकंद आहे. सध्या आठवड्याला पाच दिवस मिळून 40 किलोमीटर होतात. सरांनी जानेवारीअखेर ते 65 करायला सांगितले आहे, तेही बहुतेक वेताळ टेकडीवर. त्यासाठी रेक्टर मॅडमकडून पहाटे पाचला बाहेर पडण्याची परवानगी काढली, पण आता गजर झाला तरी उठवत नाही. गेल्या वर्षी मी गजराच्या आधी जागी व्हायचे. कशीबशी गेलेच, तर किलोमीटरला पाच मिनिटांच्या वर वेळ लागली की स्वतःचाच राग येतो, कारण संघातल्या एका मुलीचे ॲपवर दर आठवड्याला 75 किलोमीटर दिसतात. डाव्या नडगीत थोडे दुखते, पण ते चालायचेच. तीन महिने पाळी आलेली नाही. मैत्रिणी म्हणतात की पळणाऱ्या मुलींचे असे होतेच. माझी प्रेरणा कुठे गेली आणि ती परत कशी आणू? एखाद्या दिवशी अजिबात पळावेसे वाटले नाही, तर न जाणे चुकीचे आहे का?
— एक धावपटू

प्रिय मुली,

तू प्रेरणेबद्दल विचारले आहेस, पण मी सुरुवात करणार आहे ती नडगी आणि पाळी यांबद्दलच्या त्या दोन वाक्यांपासून, जी तू जाता जाता लिहून पुढे निघून गेलीस. पळणाऱ्या मुलींची पाळी थांबते हे तुझ्या मैत्रिणींचे म्हणणे, तसे घडते एवढ्यापुरते, खरे आहे, पण ते चालून जाण्यासारखे आहे असा त्याचा अर्थ काढू नकोस. व्यायामात जितकी ऊर्जा खर्च होते तितकी खाण्यातून मिळाली नाही, की शरीर काटकसर सुरू करते आणि ज्या कामांवाचून आज जगता येते ती आधी बंद करते. पाळी हे त्यांपैकी एक. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली या अवस्थेला रेड-एस (खेळाडूच्या शरीरातली सापेक्ष ऊर्जा-तूट) असे स्वतंत्र नाव दिले. पाळी थांबलेली असताना इस्ट्रोजेन कमी पडते, त्यामुळे हाडे कमकुवत होऊ लागतात, आणि तुझे वय तर हाडे भरण्याचे आहे. सततचा थकवा, उदास वाटणे आणि ज्या गोष्टीची आवड होती तिचाच कंटाळा येणे ही याच अवस्थेची लक्षणे असू शकतात. म्हणून तू ज्याला आळस समजून स्वतःला बोल लावते आहेस, तो बहुधा आळस नसून उपासमार आणि थकवा आहे, असे माझे मत आहे. मात्र मी डॉक्टर नाही आणि पाळी थांबण्याची थायरॉइडसारखी इतरही कारणे असतात. तेव्हा या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आठवड्याला किती पळतेस आणि दिवसभरात काय खातेस हे त्यांनी विचारण्याआधीच सांग, आणि रक्ततपासणीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे) व ड जीवनसत्त्व पाहावे का, हेही विचार. हिमोग्लोबिन बरे दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो, आणि लांब पल्ल्याच्या मुलींमध्ये ते पुष्कळदा आढळते. डॉक्टर काही खासगी प्रश्नही विचारतील, त्यांची उत्तरे न संकोचता दे.

आता नडगी. अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वरपर्यंत दाबत जा. दुखणे चार-पाच बोटे लांबीच्या पट्ट्यात पसरलेले असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर तो बहुधा स्नायूंच्या आणि हाडावरच्या आवरणाच्या ताणाचा त्रास आहे. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी हाडावर कळ येत असेल, त्या पायावर लंगडी घालताना ती उठत असेल किंवा रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा जाऊ पाहतो आहे असे धरून पळणे त्याच दिवशी थांबव आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा अनेकदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नकोस. वेदनाशामक गोळी घेऊन टेकडीवर जाणे तर पूर्ण वर्ज्य. पाळी थांबलेली असताना नडगी दुखणे ही गोष्ट एरवीच्या नडगीदुखीपेक्षा गंभीर आहे, त्यामुळे दोन्ही तपासण्या होईपर्यंत 40 किलोमीटरांत एकही किलोमीटर वाढवायचा नाही.

खाण्याचा हिशेब तुला आकड्यांतच सांगते, कारण तू आकड्यांवर विश्वास ठेवणारी दिसतेस. पळताना ढोबळमानाने किलोमीटरला दर किलो वजनामागे एक कॅलरी खर्च होते. तुझे वजन 50 किलो धरले, तर 65 किलोमीटरांसाठी आठवड्याला 3,250 कॅलरी लागतील, म्हणजे आतापेक्षा 1,250 जास्त. दिवसाला सुमारे 180, आणि चढाचा खर्च वेगळा. एक ज्वारीची भाकरी आणि तिच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, एवढेच हे गणित आहे. अडचण अशी की ही भाकरी आज ज्या जेवणात आधीच तूट आहे त्याच्या वर हवी, आणि वसतिगृहाच्या मेसमध्ये ती आपसूक ताटात येत नाही. पळून आल्यावर प्रॅक्टिकलची घाई म्हणून नुसत्या चहावर दुपारपर्यंत राहण्याची सवय पुष्कळ मुलींना असते. तुला ती असेल तर आधी तिला हात घाल. निघण्यापूर्वी एक केळे किंवा दोन खजूर, परत आल्यावर अर्ध्या तासाच्या आत दूध आणि दोन उकडलेली अंडी किंवा गूळ-शेंगदाणे, आणि दुपारच्या ताटात वरणाची आणखी एक वाटी, एवढे तरी ठरवून टाक. गावाकडून येणाऱ्या डब्यात बाजरीची भाकरी, तीळकूट आणि शेंगदाण्याचे लाडू मागवून घे. वजन कमी झाले की वेळ सुधारते असे तुला कोणी सांगितले असेल, तर ते या घडीला तू मनावर घेऊ नयेस.

यानंतर तुझ्या घड्याळाकडे येते. 19 मिनिटे 40 सेकंदांत 5,000 मीटर, म्हणजे किलोमीटरला 3 मिनिटे 56 सेकंद. ज्या मुलीचा स्पर्धेतला वेग एवढा आहे, तिने रोजचे सावकाश पळणे सपाट रस्त्यावरसुद्धा साडेपाच ते सहा मिनिटांनी करायला हवे. तू मात्र मुरुमाच्या चढावर पाच मिनिटे हा सावकाश वेग मानते आहेस. याचा अर्थ तुझा प्रत्येक दिवस जवळजवळ टेम्पोचा, म्हणजे नेटाने वेगात पळण्याचा, दिवस आहे. अशा पळण्यातून ना वेग फारसा वाढतो ना दम, साठतो तो मुख्यतः शीण, आणि रोज शीण देणाऱ्या गोष्टीसाठी पहाटे कोणाचेही मन तयार होत नाही. जास्त किलोमीटर पळणारे लोक जास्त निर्धाराचे असतात हा गैरसमज आहे. त्यांच्यातले जे टिकतात ते बहुतेक सगळे आपले बरेचसे पळणे तुला कमीपणाचे वाटेल इतके हळू करतात. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड, जे स्वतः चपला-बुटांच्या कारखान्यात काम करत, आपल्या धावपटूंना ऑकलंडजवळच्या वायाटारुआच्या डोंगराळ रस्त्यावर सुमारे 35 किलोमीटरची फेरी घालायला लावत, आणि त्या फेरीत पीटर स्नेल हा 800 मीटरचा धावपटूही असे. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने 800 मीटरचे आणि त्याच दिवशी, तासाभराच्या आत, मरे हालबर्गने 5,000 मीटरचे सुवर्णपदक जिंकले. दोन मिनिटांपेक्षा कमी चालणाऱ्या शर्यतीसाठी डोंगरातले दोन-अडीच तास कशाला, असे त्या काळीही विचारले जाई. धमन्या, हृदय आणि स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या यांची वाढ संथ आणि दीर्घ पळण्यातून होते, हे त्याचे उत्तर होते. तुझ्यापुरता नियम सोपा आहे: सोबत कोणी असेल तर पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत, आणि एकटी असशील तर एखादा अभंग मध्येच न तुटता म्हणता आला पाहिजे.

टेकडीवर किलोमीटरचा वेग मोजणे मुळातच बंद कर. तिथे मिनिटे मोज. घड्याळावर फक्त गेलेला वेळ दिसेल अशी सोय करून घे. पंचेचाळीस मिनिटे म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, मग त्यात सात किलोमीटर होवोत की सहा. खडा चढ आला आणि दम तुटायला लागला, तर हात कमरेवर न ठेवता ताठ चाल. डोंगरातल्या शर्यती पळणारे अव्वल लोकही चढावर चालतात. उतारावर जास्त सांभाळ. पावसाळा सरून गवत वाळले की वाटेवरचा मुरूम सुटा होतो, आणि अशा घसाऱ्यावर लांब टाप टाकली की टाच सरकते. पावले आखूड आणि भरभर टाक, नजर तीन-चार पावले पुढे ठेव, आणि अंग मागे झोकून ब्रेक लावू नकोस. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात. हे अपेक्षित आहे आणि दोन-तीन आठवड्यांत कमी होते. बुटांचे तळ पाहा. गुळगुळीत झाले असतील, तर स्पाइक्सपेक्षा (शर्यतीच्या खिळ्यांच्या बुटांपेक्षा) आधी तेच बदल.

आणि पाच वाजता कशासाठी? पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पाचला टेकडीवर मिट्ट काळोख, भटकी कुत्री आणि पायाखाली न दिसणारे दगड. एकट्या मुलीने त्या वेळी तिथे जावे असे मी तरी सांगणार नाही, आणि तुझ्या न उठण्यात मनाच्या एका कोपऱ्यात ही भीतीही असेल, जी तू पत्रात लिहिली नाहीस. साडेसहाला उजाडू लागते, तेव्हा नेहमीच्या फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. कॉलेजची वेळ आड येत असेल, तर आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी ग्राउंडवर पळ आणि टेकडी तीन दिवसांपुरती ठेव. झोपही त्याने दीड तास वाढेल, आणि ती तुला कोणत्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, तर आधी दोन आठवडे हेच 40 किलोमीटर, पण हळू पळ. मग पाचाऐवजी सहा दिवस कर आणि सहाव्या दिवशी फक्त तीस मिनिटे सावकाश पळ. त्या पातळीवर दोन-तीन आठवडे राहा, नंतर रविवारचे लांब पळणे दहा-पंधरा मिनिटांनी वाढव, आणि दर चौथ्या आठवड्याला एकूण पळणे पाव हिश्शाने कमी कर. आठवड्याला दहा टक्के वाढ हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम सोयीचा आहे, पण त्याला शास्त्राचा फार भक्कम आधार नाही. हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, तर हाडे आणि स्नायुबंध यांना महिने लागतात, आणि दुखापती या अंतरातूनच होतात. या वेगाने तू 65 ला जानेवारीत पोहोचणार नाहीस, मार्चमध्ये किंवा त्यानंतर पोहोचशील. तुझ्या माण तालुक्यातल्याच मोहीच्या ललिता बाबर यांनी आधी लांब पल्ल्याचे पळून मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला, स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडे) त्या नंतर वळल्या आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावल्या. त्या यशाच्या पायाशी अनेक वर्षांचे पळणे होते. एका हिवाळ्यात पाया पुरा करायचा असा करार तुझ्याशी कोणी केलेला नाही.

सरांना हे सांगायचे कसे, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो तुझ्यापुढे उभा राहणारच. त्यांना तुझ्या पाळीबद्दल माहीत नाही, नडगीबद्दल बहुधा माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते धरून त्यांनी आकडा दिलेला नाही. डॉक्टरांचा कागद आणि चार आठवड्यांची पळण्याची वही घेऊन ग्राउंडवर इतर मुलींसमोर नव्हे, तर त्यांच्या खोलीत जा. "सर, मला 65 पर्यंत जायचे आहे, पण डॉक्टरांनी आधी हे दुरुस्त करायला सांगितले आहे, मी मार्चपर्यंतची आखणी करून आणली आहे, ती तुम्ही पाहाल का?" एवढे पुरे आहे. पाळीविषयी त्यांच्याशी बोलणे अवघड वाटत असेल, तर खेळ विभागातल्या एखाद्या मॅडमना सोबत ने किंवा कागदच त्यांच्या हाती दे. प्रशिक्षकांना बहुतेक वेळा तक्रारीपेक्षा आखणी ऐकायला सोपी जाते.

75 किलोमीटरवाल्या मुलीविषयी फार लिहीत नाही. ती किती वर्षे पळते, किती खाते, किती झोपते आणि तिचे काय दुखते, हे ॲपवर दिसत नाही. मार्चपर्यंत तिचे आकडे दिसणे बंद करून ठेव, आणि जमलेच तर रविवारी तिलाच सोबत घेऊन आतकरवाडीकडून सिंहगड चढून ये. सुमारे 600 मीटरचा चढ आहे, त्यात कोणालाच मिरवता येत नाही, आणि वर पिठलं-भाकरी मिळते, जिची तुला गरज आहे. अर्थात हे नडगी तपासून झाल्यावरच.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. पळावेसे वाटले नाही तर बूट घाल, बाहेर पड आणि दहा मिनिटे अगदी रमतगमत पळ. बहुतेक वेळा तेवढ्यात अंग सुटते आणि तू पुढे जातेस. दहा मिनिटांनंतरही पाय शिशासारखे जड असतील, तर खुशाल परत फीर. त्या दिवशी न पळणे मुळीच चुकीचे नाही. फक्त वहीत त्या तारखेसमोर रात्रीची झोप, आदल्या दिवशीचे जेवण आणि नडगीची अवस्था लिहून ठेव. एका आठवड्यात असे दोन दिवस आले, तर पुढच्या आठवड्याची वाढ रद्द कर, आणि सलग दोन आठवडे आले, तर वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा.

तुझी,
ताई