आईचे गुडघे दुखतात. अजिंक्यताऱ्याला फक्त डांबरी रस्त्याने चालत फेरी मारता येईल का?

चढून जाता येईल, पण गडावरची गोल फेरी डांबरी नाही. साताऱ्यातच राहतो आणि आठवड्यातून तीन-चार सकाळी याच वाटेने जातो, म्हणून खात्रीने सांगतो. डांबरी रस्ता वळणं घेत महादरवाज्याच्या जवळपर्यंत जातो. पुढे दरवाज्याच्या दगडी पायऱ्या लागतात, आणि आत तटाच्या कडेने मंगळाई देवीच्या मंदिराकडे जाणारी पायवाट मातीची, मधूनमधून खडकाळ आहे. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरण्याचा त्रास जास्त होतो, कारण उतारावर प्रत्येक पावलाला अंगाचं वजन गुडघ्याला झेलावं लागतं. म्हणून आईंना सावकाश, थांबत-थांबत वर चालू द्या आणि खाली मात्र गाडीने आणा. रिक्षा किंवा दुचाकी वरपर्यंत येते. सकाळी लवकर निघा, ऊन चढलं की रस्ता तापतो. स्वच्छ हवा असली तर वरून सज्जनगड दिसतो, तेवढ्यासाठी तरी त्यांना तटापर्यंत हात धरून न्याच. फक्त पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. त्या दिवसांत दरवाज्यापासूनच मागे फिरा, आत जाऊ नका.