मोबाइलवर उपदेश ऐकते, मग दर रविवारी ठाण्याला कशाला?

ताई, सप्रेम सलाम.

मी घणसोलीला राहते, वय ३६. नोकरी ऐरोलीत, आठवड्याचे सहा दिवस, रविवारी थकलेली असते. आमची मंडळी, म्हणजे चर्च, ठाण्यात. लग्न झाल्यापासून तिथेच जातो. लॉकडाउनमध्ये उपासना मोबाइलवर आली आणि ती सवय राहिली ती राहिलीच. मी रोज बायबल वाचते, रात्री मुलाला घेऊन प्रार्थना करते, चांगले उपदेश ऐकते. खरं सांगू? आमच्या पाळकसाहेबांपेक्षा ते बरे असतात. त्यातच गेल्या वर्षी ह्यांची नोकरी गेली. मी मंडळीतल्या एका काकूंना विश्वासाने सांगितलं. पुढच्याच रविवारी त्यांनी उभं राहून सगळ्यांसमोर तो ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून मांडला. त्या दिवसापासून हे आलेच नाहीत, आणि मीही नाताळ-ईस्टरपुरतीच. (आता ह्यांना रबाळ्यात काम मिळालंय. मंडळीतल्याच एकांनी शब्द टाकला होता.) सासूबाई म्हणतात, मंडळी सोडली म्हणजे प्रभूला सोडलं. विश्वास मनात असेल तर दर रविवारी जायलाच हवं का? मला तिथे काय मिळतं?

— घणसोलीची वाचक

सलाम.

आधी काकूंचं बोलू या. थकवा आणि उपदेशांची तुलना तू लिहिलीस खरी, पण ठसठसतंय ते इथेच. काकूंचं चुकलं, यात दुमत नको. विश्वासाने कानावर घातलेली गोष्ट देवापुढे मांडायला माइक लागत नाही. आपल्या मंडळ्यांमधली ही खोड जुनी आहे. कुणाच्या घरात काय चाललंय हे एरवी चारचौघांत बोलायला जीभ अडखळेल, पण शेवटी ‘प्रार्थना करा हं’ जोडलं की सगळं खपतं.

यावर काय करायचं ते बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठ आणि दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घे. मंडळीपुढे जायचं ते त्यानंतर. आपण बरोबर उलटं करतो. सगळ्यांना कळतं, आणि ज्याला कळायला हवं त्यालाच पत्ता नसतो. काकूंशी तू याबद्दल बोलल्याचं पत्रात कुठे नाही. त्यांना बहुधा वाटत असेल की तुझी ड्यूटी बदलली. उपासना संपल्यावर त्यांना बाजूला घे आणि सरळ सांग: ‘काकू, तुमच्या मनात वाईट नसेल, पण ह्यांना त्या दिवशी मान वर करता आली नाही. मला आधी विचारायला हवं होतंत.’ व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र लिहू नकोस. आणि दुसऱ्याच्या घरचा विषय त्याची परवानगी असल्याशिवाय मांडायचा नाही, एवढा नियम करा, असं पाळकसाहेबांच्या कानावर घाल. याने बऱ्याच घरांचं भलं होईल.

आता तुझ्या त्या कंसाबद्दल. रबाळ्याची नोकरी तू कंसात टाकलीस! ज्यांनी शब्द टाकला त्यांना नोकरी गेल्याचं कळलं कसं? त्याच रविवारी कळलं असणार. याने काकूंचं वागणं बरोबर ठरत नाही. पण ज्या बाकांवरून तुमचं उणं ऐकलं गेलं, त्याच बाकांवरचा एक माणूस तुमच्यासाठी उठला. मोबाइलवरच्या वक्त्याला तुझ्या नवऱ्याची नोकरी गेल्याचं कळणार नाही. त्याचा दोष नाही, त्याला तू दिसतच नाहीस.

तू विचारतेस, मला तिथे काय मिळतं? उपदेशच मोजायचा असेल तर मोबाइल जिंकतो, मान्य. पण उपासना म्हणजे उपदेश एवढंच असतं का? पेटी-तबल्यावर सगळ्यांनी मिळून भजन म्हणायचं, एकाच भाकरीतून प्रभुभोजन घ्यायचं, मागच्या बाकावरच्या आजी आज का आल्या नाहीत ते विचारायचं, यातलं एकही तुझ्या हॉलमध्ये एकटीने होत नाही. पंढरपूरला एसटीने एकट्याने जाता येतं, तरी माणसं दिंडीतून चालत जातात, तसंच हे.

बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र जमणं सोडू नका असं बजावलंय, म्हणजे तेव्हाही काहींनी ते सोडलं होतं. कारण मात्र तिथे ‘तुम्हाला बरं वाटावं’ असं दिलेलं नाही. एकमेकांना धीर द्या, असं दिलंय. म्हणजे तुझी गरज तिथल्या दुसऱ्या कुणाला तरी आहे. पुढच्या वर्षी आणखी कुणाची नोकरी जाईल. त्या घराला काय होतं हे तुझ्याइतकं त्या बाकांवर कुणाला कळणार?

थकव्याचं म्हणशील, तर पहिल्या ख्रिस्ती लोकांना रविवारची सुट्टीच नव्हती. रोमन साम्राज्यात तो कामाचाच दिवस होता. सम्राट कॉन्स्टंटाइनने सुट्टीचा हुकूम काढला तो ३२१ मध्ये. त्याच्या दोनशे वर्षं आधी, साधारण ११२ मध्ये, प्लिनी नावाचा रोमन अधिकारी बादशहाला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताचं स्तवन गातात. त्यांच्यात गुलामही होते. पुढे साधारण १५० मध्ये जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक लिहितो की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे प्रभुभोजनाचा वाटा घरी पोचवला जाई, आणि जमलेल्या अर्पणातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले लोक यांना मदत होई. न आलेल्यांचा हिशेब त्यांनी वगळला नव्हता. (आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १८९० मध्ये, आणि त्यासाठी झगडणारे नारायण मेघाजी लोखंडे जन्माने ठाण्याचेच. हे जाता जाता.)

सासूबाईंचं वाक्य मला अर्धंच पटतं. रविवारी पाळी असलेली नर्स, अंथरुणाला खिळलेले आजोबा, तान्ह्या बाळाची आई, यांनी प्रभूला सोडलं असं कोण म्हणेल? कॅथलिक चर्चमध्ये रविवारचा मिसा (प्रभुभोजनाची उपासना) बंधनकारक आहे, तरी आजारपण आणि बाळाची देखभाल ही कारणं तिथेही मानली जातात, आणि शनिवार संध्याकाळचा मिसा रविवारचाच धरतात. हजेरीवर तारण मिळत नाही. पण थोमाचं आठव. येशूच्या पुनरुत्थानाच्या संध्याकाळी सगळे शिष्य जमले होते आणि हा नेमका नव्हता. प्रभू येऊन गेला. आठवड्याने थोमा त्यांच्यात होता तेव्हा प्रभूशी भेट झाली. मधल्या आठवड्यात इतरांनी त्याला वगळलं नाही, आणि प्रभू खरंच उठला का अशी शंका मनात असूनही तो त्यांच्यात येऊन बसला. सासूबाईंना हेच म्हणायचं असावं, फक्त त्यांना ते जरबेनेच सांगता येतं.

तर असं कर. जायचं की नाही हे रविवारी सकाळी ठरवू नकोस, त्या वेळी उशीच जिंकते. शनिवारी रात्री ठरव, कपडे काढून ठेव. ट्रान्स-हार्बरला (ठाणे-वाशी लोकलला) मेगाब्लॉक असला तरी तो बहुधा अकराच्या सुमारास लागतो; जाताना अडचण नाही, येताना बस किंवा रिक्षा. एकदम दर रविवार झेपत नसेल तर प्रभुभोजनाच्या रविवारपासून सुरुवात कर, पण महिन्यातून एकदा यावरच थांबू नकोस. काकूंशी बोलूनही तिथे जीव रमला नाही, तर सभासदत्वाचं पत्र घेऊन नवी मुंबईतल्या एखाद्या मंडळीत जा. दर आठवड्याला नवं चर्च बघत फिरणं मात्र नको, त्याने कुणीच तुला ओळखणार नाही.

नवऱ्याला ओढून नेऊ नकोस. अपमान त्यांचा झालाय, वेळही त्यांचा लागेल. ज्यांनी शब्द टाकला त्यांना एकदा घरी जेवायला बोलाव. उपासनेपेक्षा हे तुझ्या नवऱ्याला सोपं जाईल.

पाळकसाहेबांच्या उपदेशावर माझ्याकडे उपाय नाही. मोबाइलवरचे आवडते उपदेश सोमवारी ट्रेनमध्ये ऐक.

— तुझी ताई