खोलीचं तापमान म्हणजे नेमकं किती?

प्रश्न : गोळ्यांच्या पाकिटावर 'सामान्य तापमानाला ठेवा' असं छापलेलं असतं. आमच्या खोलीत उन्हाळ्यात ३६ अंश सेल्सियस असतं. आमच्यासाठी तेच सामान्य का?

उत्तर : नाही. इथे तुमच्या खोलीचं नव्हे, ठरवून दिलेलं तापमान अभिप्रेत असतं. अमेरिकेच्या फार्माकोपियात, म्हणजे औषधांचे निकष ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथात, ते २० ते २५ अंश आहे. १५ ते ३० पर्यंतची चढउतार चालते आणि ४० पर्यंतची उसळी २४ तासांच्या आत असेल तरच खपते. युरोपच्या फार्माकोपियात हीच व्याख्या १५ ते २५ अशी आहे. त्यामुळे पाकिटावर आकडा असेल तर तोच पाळा. तापमान १० अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो, म्हणून महिनोन्महिने ३६ अंशांत राहिलेलं औषध छापील मुदतीआधीच कमजोर होऊ शकतं.

पण म्हणून सगळंच फ्रिजमध्ये कोंबू नका. तिथे २ ते ८ अंश असतात. गार बाटली बाहेर काढून लगेच उघडली की आत दव धरतं आणि गोळ्या ओलसर होतात. काही पातळ औषधांत खडे किंवा साका धरतो. त्यापेक्षा घरातली सर्वांत गार कोरडी जागा शोधा : आतल्या भिंतीचं, ऊन न लागणारं खालचं कपाट. न्हाणीघर, शेगडीजवळची फळी, फ्रिजचा माथा आणि गाडीचा डॅशबोर्ड बाद. कमाल-किमान तापमापक तिथे २४ तास ठेवा, कारण एका वेळच्या नोंदीतून दुपारचा चटका कळत नाही. कमाल आकडा रोजच ३० च्या वर जात असेल, तर औषध विक्रेत्याला विचारा.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात कुठे २०, कुठे २५ अंश. बरोबर कोणतं?

उत्तर : दोन्ही, कामं वेगळी. लांबी-रुंदीच्या मोजमापासाठी आंतरराष्ट्रीय संदर्भ २० अंशांचा आहे. १ मीटर पोलादी पट्टी ३० अंशांना साधारण ०.१ मिलिमीटरने वाढते. सुताराला त्याचं काही नाही, गेज, म्हणजे अचूक मापं तपासायचं साधन, बनवणाऱ्याला मात्र माल नाकारायला एवढं पुरतं. प्रयोगशाळेतल्या बहुतेक मोजफ्लास्कवरही २०° कोरलेलं असतं. २० अंशांचं १ लिटर पाणी ३० अंशांना सुमारे अडीच मिलिलिटरने फुगतं. उष्मारसायनाचे, म्हणजे रासायनिक क्रियांतल्या उष्णतेचे, तक्ते मात्र सहसा २५ अंशांचे, म्हणजे २९८.१५ केल्विनचे. अर्धवाहकांच्या गणितात सोयीसाठी सरळ ३०० केल्विन धरतात, तेही जवळपास २७ अंश.

वायूंच्या गणितातलं 'प्रमाण तापमान' मात्र खोलीचं नव्हेच, ते ० अंश. १ वातावरण दाबाला १ मोल आदर्श वायूचं आकारमान ० अंशांना २२.४ लिटर आणि २५ अंशांना २४.५ लिटर असतं. परीक्षेतले गुण इथेच जातात. प्रयोगवहीत 'कक्ष तापमानाला' एवढंच लिहू नका. सावलीत, भिंतीपासून दूर, टेबलाच्या उंचीवर तापमापक १५ मिनिटं ठेवून आलेला आकडा लिहा.